माहितीपर मजकूर वाचायचा कसा? प्रत्येक वाक्य काय काम करतंय ते पकडा

नवीन फ्रंट लोड वॉशिंग मशीन आलं तेव्हा त्याचं मॅन्युअल मी वाचलं होतं, अगदी पहिल्या पानापासून. मशीन लावलं, स्पिनला आलं आणि थाडथाड उड्या मारत भिंतीपासून हातभर पुढे सरकलं. झालं काय होतं, तर मशीनच्या मागच्या बाजूला ड्रम घट्ट धरून ठेवणारे बोल्ट असतात, वाहतुकीत ड्रम हलू नये म्हणून लावलेले, आणि मशीन पहिल्यांदा सुरू करायच्या आधी ते काढायचे असतात. मॅन्युअलमध्ये हे होतं का? होतं की. चौकटीत, ठळक अक्षरात, वर 'इशारा' असं लिहून. माझी नजर त्यावरून गेलीसुद्धा होती, पण मी ते वाक्यही बाकीच्या वाक्यांसारखंच वाचलं, म्हणजे "हं, बोल्ट असतात" असं म्हणून पान उलटलं.

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात बसलीये. माहितीपर मजकूर, मग तो पाठ्यपुस्तकातला धडा असो, औषधाच्या खोक्यातला कागद असो, एखादा रिपोर्ट, नियमावली, विज्ञानावरचा लेख, काहीही, त्यातलं प्रत्येक वाक्य काहीतरी काम करत असतं. एक वाक्य व्याख्या देतं, दुसरं कारण सांगतं, तिसरं नुसतं उदाहरण असतं, चौथं आधीच्या म्हणण्याला अपवाद जोडतं, पाचवं इशारा देतं. वाक्य काय म्हणतंय हे आपण वाचतो पण ते तिथे कशाला आलंय हे बघायचं राहून जातं, आणि मग चार पानं वाचून झाल्यावर कोणी विचारलं काय होतं रे त्यात, तर "ओझोनबद्दल होतं काहीतरी" एवढंच तोंडातून निघतं.

गोष्ट वाचताना हा त्रास होत नाही कारण पुढे काय होणार ही उत्सुकता आपल्याला ओढत नेते. इथे ओढणारं कोणी नसतं, आपणच ढकलत न्यायचं. पण एक सोय पण आहे, ती म्हणजे हा मजकूर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत क्रमाने वाचलाच पाहिजे असं काही नाही, पुढेमागे उड्या मारायला पूर्ण मुभा आहे आणि त्या मारायलाच हव्यात.

पायरी १: वाचायच्या आधी दोन मिनिटं नुसतं बघा

शीर्षक, उपशीर्षकं, चित्रं आणि त्यांच्याखालच्या ओळी, तक्ते, चौकटी, ठळक शब्द, पहिला परिच्छेद, शेवटचा परिच्छेद. एवढ्यावरून नजर फिरवा आणि मग प्रत्येक उपशीर्षकाचा प्रश्न करा. 'मातीची धूप' असं उपशीर्षक असेल तर मनात "धूप म्हणजे काय आणि ती कशाने होते?" आता तुम्ही उत्तर शोधायला वाचताय, त्यामुळे लक्ष आपोआप टिकतं. ही आयडिया काही नवी नाही, फ्रान्सिस रॉबिन्सन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४६ मध्ये पाच टप्प्यांची पद्धत दिली होती, आधी चाळा, प्रश्न करा, वाचा, न बघता म्हणून दाखवा, पुन्हा उजळणी करा. ती आजही शिकवतात.

शीर्षकाकडे बघून काय एवढं होणार असं वाटत असेल तर हे ऐका. १९७२ मध्ये ब्रॅन्सफर्ड आणि जॉन्सन यांनी लोकांना एक परिच्छेद ऐकवला. साधारण असा: वस्तूंचे आधी गट करायचे, एका वेळी फार घ्यायचं नाही, सोय जवळ नसेल तर दुसरीकडे जावं लागतं, काम झालं की पुन्हा गट करून जागच्या जागी ठेवायचं. शब्द सगळे सोपे, एकही अवघड नाही, पण ऐकणाऱ्यांना काही म्हणजे काही कळेना. ज्यांना आधीच सांगितलं होतं की हे कपडे धुण्याबद्दल आहे त्यांना ते व्यवस्थित समजलं आणि लक्षातही जास्त राहिलं. आणि गंमत म्हणजे ज्यांना विषय ऐकून झाल्यावर सांगितला त्यांना त्याचा काही उपयोग झाला नाही. म्हणजे चौकट आधी लागते, नंतर मिळून भागत नाही.

याच दोन मिनिटांत तारीख पण बघून घ्या. ऑगस्ट २००६ च्या आधी छापलेल्या पुस्तकात ग्रह नऊ असणार, कारण प्लुटोला बटुग्रह ठरवलं ते तेव्हा. ते पुस्तक खोटं नाही, जुनं आहे.

आणि सगळ्यात आधीचा प्रश्न, मी हे कशासाठी वाचतोय? एक आकडा हवाय, की पूर्ण प्रक्रिया समजून घ्यायचीये, की निर्णय घ्यायचाय? नुसता आकडा हवा असेल तर खालच्या सगळ्या पायऱ्या करत बसू नका, अनुक्रमणिका किंवा सर्च वापरा, आकडा घ्या आणि निघा.

पायरी २: आधीचं काय माहितीये ते बाहेर काढा

कागदावर तीन रकाने पाडा, मला काय माहितीये, मला काय जाणून घ्यायचंय, आणि तिसरा वाचून झाल्यावर भरायचा, काय कळलं. डोना ओगल यांनी १९८६ मध्ये शाळेतल्या मुलांसाठी सुचवलेली पद्धत आहे पण मोठ्यांनाही तितकीच चालते. पहिल्या रकान्यात चुकीचं लिहिलं तरी चालेल, उलट चुकीचं लिहिलेलं असलं की वाचताना ते खटकतं आणि दुरुस्त होतं.

आधीच्या माहितीचा जोर किती असतो याचा एक प्रयोग मला फार आवडतो. १९८८ मध्ये रेक्ट आणि लेस्ली यांनी अमेरिकेतल्या शाळकरी मुलांना बेसबॉलच्या सामन्याबद्दलचा मजकूर वाचायला दिला. वाचनात कच्ची पण बेसबॉल माहीत असलेली मुलं ही वाचनात पक्की पण बेसबॉल न कळणाऱ्या मुलांपेक्षा खूप पुढे निघाली. म्हणून एखादा लेख अजिबात डोक्यात शिरत नसेल तर "मला वाचताच येत नाही" असं ठरवून मोकळं होऊ नका. त्याच विषयावरचा शाळेच्या पातळीचा सोपा मजकूर आधी पंधरा मिनिटं वाचा, चित्रं बघा, मग मूळ लेखाकडे परत या. यात कमीपणा काही नाही, मी सरळ मुलांच्या पुस्तकापासून सुरुवात करतो.

पायरी ३: विषय वेगळा आणि मुद्दा वेगळा

इथे बहुतेक जण घसरतात त्यामुळे इथे जरा थांबू. खालचा परिच्छेद मुद्दाम पुस्तकी भाषेत लिहिलाय, एकदा नीट वाचा.

"ओझोनचा थर सूर्याकडून येणारे बरेचसे अतिनील किरण शोषून घेतो. १९३० च्या दशकापासून फ्रीजमध्ये क्लोरोफ्लुरोकार्बन म्हणजेच सीएफसी वायूंचा वापर वाढला, कारण त्याआधी वापरले जाणारे वायू विषारी किंवा ज्वलनशील होते. मात्र हेच वायू वातावरणात खूप वर पोहोचल्यावर अतिनील किरणांमुळे विघटित होतात आणि त्यातून सुटलेला क्लोरीन ओझोनचे रेणू नष्ट करतो, असे मोलिना आणि रोलंड यांनी १९७४ मध्ये मांडले. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरील ओझोनमध्ये मोठी घट होत असल्याचे ब्रिटिश शास्त्रज्ञांच्या मोजमापांत आढळले. १९८७ मध्ये मॉन्ट्रियल करार झाला आणि सीएफसीचे उत्पादन टप्प्याटप्प्याने बंद करण्यात आले. तथापि हे वायू अनेक दशके वातावरणात टिकून राहत असल्याने ओझोनचा थर भरून येण्याची प्रक्रिया संथ आहे."

विषय काय? ओझोन. हे एका शब्दात सांगता येतं. मुद्दा काय? मुद्दा पूर्ण वाक्यातच सांगावा लागतो, एका शब्दात मावला तर तो मुद्दा नव्हेच. इथे मुद्दा असा: सुरक्षित म्हणून आणलेल्या वायूंनीच ओझोनचं नुकसान केलं, ते करार करून थांबवले, पण भरपाईला वेळ लागतोय.

आता वाक्यांची कामं बघा. पहिलं पार्श्वभूमी देतं. दुसरं सुरुवात सांगतं आणि 'कारण' म्हणून तिचं समर्थन देतं. तिसरं 'मात्र' म्हणून गाडी वळवतं, खरी समस्या आणि ती कशी घडते हे इथे आहे. चौथं पुरावा. पाचवं उपाय. सहावं 'तथापि' म्हणून त्या उपायाची मर्यादा सांगतं. कुठलं वाक्य काढलं तर अख्खा परिच्छेद कोसळेल ते बघा, ही माझी नेहमीची चाचणी. पहिलं काढलं तर थोडं अडखळेल पण चालेल. तिसरं काढलं तर करार कशासाठी झाला हेच कळणार नाही. जे वाक्य काढता येत नाही त्याच्या आसपास मुद्दा असतो, तो दर वेळी परिच्छेदाच्या पहिल्याच ओळीत असतो हे शाळेत सांगितलेलं फारसं मनावर घेऊ नका.

पायरी ४: मजकुराचा साचा ओळखा

माहितीच्या मजकुराचे साचे ढोबळमानाने पाच. वर्णन, क्रम, तुलना, कारण-परिणाम, आणि समस्या-उपाय. साचा कळला की पुढे काय येणार याचा अंदाज येतो, समस्या वाचली की उपाय शोधायचा, एक बाजू वाचली की दुसरी कुठेय ते बघायचं.

पण साचे एकात एक असतात. वरच्याच परिच्छेदात चार सनावळ्या आहेत, त्या बघून पुष्कळ जण ठरवतात की हा क्रमाचा साचा आहे आणि १९७४, १९८५, १९८७ पाठ करत बसतात. बाहेरचा साचा समस्या-उपाय आहे, क्रम त्याच्या पोटात आहे, आणि तिसऱ्या वाक्यात कारण-परिणामाची आख्खी साखळी आहे. साचा ठरवायचा तो लेखकाला काय पटवायचंय यावरून. नोट्स पण त्याच साच्यात काढा, तुलना असेल तर दोन रकान्यांचा तक्ता, क्रम असेल तर आकडे टाकून पायऱ्या, कारण-परिणाम असेल तर बाण. सगळ्याच मजकुराच्या नोट्स एकाखाली एक ठिपके मारून काढणं म्हणजे त्यातले सगळे संबंध पुसून टाकणं.

संबंध कुठे दिसतात? जोडणाऱ्या शब्दांत. कारण, म्हणून, त्यामुळे, परिणामी हे एका जातीचे. पण, मात्र, तथापि, उलट, तरीही हे वळणाचे, इथे ब्रेक लावायचा. उदाहरणार्थ, जसे की, म्हणजेच हे समजावणारे, आधीचं कळलं असेल तर इथे वेग वाढवला तरी चालतो. वगळता, अन्यथा, जोपर्यंत, अधीन राहून हे अटीचे, आणि यांच्यावरून नजर घसरली की माझ्या मशीनसारखं होतं.

आपल्या भाषेत गोची अशी आहे की पुष्कळदा हे काम सुटा शब्द करतच नाही, शब्दाला चिकटलेलं शेपूट करतं. "पावसानंतर दरड कोसळली" आणि "पावसामुळे दरड कोसळली", पहिल्यात फक्त वेळ सांगितलीये, दुसऱ्यात कारण. भरभर वाचताना दोन्ही सारखीच वाटतात आणि 'नंतर'चं आपण मनातल्या मनात 'मुळे' करून टाकतो. तसंच "अर्जदारानेच सही करावी" आणि "अर्जदारानेही सही करावी". एका अक्षराचा फरक, पण पहिल्यात दुसऱ्या कोणाची सही चालत नाही आणि दुसऱ्यात अर्जदाराबरोबर आणखी कोणाचीतरी लागते. नियम वाचताना 'करावे', 'करता येईल', 'करू नये' हे शेवटचे शब्द पेन्सिलने गोल करा, सक्ती कुठे आहे आणि मुभा कुठे ते लगेच दिसतं.

आणि 'यामुळे', 'हे', 'त्यांनी' असं काही आलं की एक सेकंद थांबून कशामुळे, कोणी, ते आधीच्या वाक्यात बोट ठेवून शोधा. बोट ठेवता आलं नाही तर धागा तिथेच तुटलाय.

पायरी ५: शब्द अडला तर

लगेच डिक्शनरीकडे पळू नका. बहुतेक वेळा व्याख्या त्याच वाक्यात किंवा पुढच्यात असते, 'म्हणजे', 'यालाच असे म्हणतात' अशा शब्दांजवळ. नसेल तर शब्द फोडून बघा. आपले पारिभाषिक शब्द संस्कृतातून घडवलेले असल्यामुळे दिसायला भीतीदायक असतात पण फोडले की निम्मे तिथेच उलगडतात. बाष्पीभवन म्हणजे वाफ होणं. उभयचर म्हणजे दोन्हीकडे वावरणारा, पाण्यात आणि जमिनीवर. परावर्तन आणि अपवर्तन यात फरक फक्त पुढच्या उपसर्गाचा, पण पहिल्यात प्रकाश आदळून परत फिरतो आणि दुसऱ्यात दुसऱ्या माध्यमात शिरताना वाकतो.

अवघड शब्दांपेक्षा सोपे शब्द जास्त फसवतात, असं माझं मत आहे. 'कार्य' घ्या. भिंतीला तासभर जोर लावून ढकललंत, घाम निघाला, पण भिंत हलली नाही तर भौतिकशास्त्राच्या हिशोबाने तुम्ही भिंतीवर केलेलं कार्य शून्य. संख्याशास्त्रातलं 'लक्षणीय' म्हणजे 'मोठं' असं नसतं, तो फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता कमी आहे इतकंच. 'सिद्धांत' हा शब्द विज्ञानात कोणाचा तरी अंदाज म्हणून येत नाही. ओळखीचा शब्द तांत्रिक मजकुरात विचित्र जागी दिसला तर त्याचा तिथला अर्थ वेगळा असणार असं धरून चाला.

पायरी ६: क्रियापदाकडे बघा

ओझोनच्या परिच्छेदात १९७४ ला 'मांडले' आहे आणि १९८५ ला 'आढळले'. हा फरक शैलीसाठी केलेला नाही. मांडलं म्हणजे विचार पुढे ठेवला, आढळलं म्हणजे मोजमापात दिसलं. माहितीची खात्री किती आहे ते क्रियापदात लिहिलेलं असतं. 'मोजले', 'दिसून आले' एका टोकाला, मध्ये 'सुचवले', 'असू शकते', 'शक्यता आहे', आणि दुसऱ्या टोकाला 'दावा केला'. 'असे मानले जाते' दिसलं की मी शेजारी 'कोण?' असं लिहितो, बऱ्याचदा पुढे उत्तर नसतंच. सगळ्यात जास्त घोळ होतो तो इथेच, मूळ रिपोर्टमध्ये 'असू शकते' असतं आणि ते तीन जणांच्या तोंडून फिरून येईपर्यंत 'आहे' झालेलं असतं.

मत पण असंच लपून येतं. "तब्बल ४० जण आले" आणि "अवघे ४० जण आले". आकडा एकच. तब्बल आणि अवघे हे लेखकाचं मत, माणसं ४० ही माहिती. दुर्दैवाने, धक्कादायक, अर्थातच, हे पण त्याच माळेचे मणी. मत असण्यात वाईट काही नाही, फक्त ते माहितीच्या रकान्यात जाऊन बसू देऊ नका.

पायरी ७: आकडे, ग्राफ, नकाशे यावरून उडी मारू नका

मला माहितीये, आपण सगळेच मारतो. परिच्छेद वाचतो आणि ग्राफ सोडतो. पण बऱ्याचदा खरा ऐवज ग्राफमध्ये असतो आणि मजकूर त्याच्या आजूबाजूला फिरत असतो.

टक्का दिसला की पहिला प्रश्न, कशाचा टक्का? ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये इशारा दिला गेला की एका नव्या पिढीच्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो, म्हणजे १०० टक्के वाढतो. बायका घाबरल्या, कित्येकींनी गोळ्याच सोडल्या. मूळ आकडा काय होता? आधीच्या गोळ्या घेणाऱ्या सुमारे ७००० जणींमागे १, नव्या गोळ्या घेणाऱ्या ७००० जणींमागे २. दुप्पट हे खरंच, पण वाढ ७००० मागे एकीची. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये गर्भपातांची संख्या अंदाजे १३,००० ने वाढली असं सांगितलं जातं. म्हणून 'दुप्पट', 'तिप्पट', 'इतके टक्के वाढ' असं वाचलं की आधी किती होतं आणि आता किती आहे हे दोन्ही आकडे शोधा, मिळाले नाहीत तर त्या वाक्यावरून काही ठरवू नका.

ग्राफमध्ये आधी अक्ष बघायचे, रेघ नंतर. उभा अक्ष शून्यापासून सुरू होतो का? स्तंभांच्या ग्राफमध्ये तो ९५ पासून सुरू केला असेल तर ९६ आणि ९८ मधला फरक तिप्पट दिसतो, कारण एका स्तंभाची उंची १ आणि दुसऱ्याची ३. एकक कोणतं आहे तेही वाचा. १९९९ मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळाजवळ पोहोचून नष्ट झालं, कारण एका सॉफ्टवेअरमधून आकडे पाउंड-फोर्स या बल मोजायच्या एककाच्या हिशोबात येत होते आणि पुढे ते न्यूटन या दुसऱ्याच एककाचे धरले जात होते. नकाशाचंही तसंच, भिंतीवरच्या मर्केटर पद्धतीच्या नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं वाटतं, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या साधारण १४ पट आहे. हा नकाशा दिशा दाखवायला उत्तम, क्षेत्रफळ बघायला नाही.

पायरी ८: मिटवा आणि सांगा

एक भाग वाचून झाला की पुस्तक मिटवा किंवा स्क्रीन उलटी ठेवा आणि तीन ओळी लिहा, मुद्दा काय, तो कशाच्या आधारावर, आणि त्याला 'पण' कुठे आहे. परत उघडून ताडून बघा. कंटाळवाणं आहे हे मान्य, पण याला पर्याय मला तरी सापडलेला नाही. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक यांनी कॉलेजच्या मुलांवर हे करून बघितलं, काहींनी मजकूर पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के येत होतं, पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के. पुन्हा वाचताना ओळखीचं वाटतं आणि ओळखीचं वाटलं की कळलं असं वाटतं, तिथे फसगत होते. २००२ मध्ये रोझेनब्लिट आणि कील यांनी लोकांना झिप, टॉयलेटचा फ्लश असल्या रोजच्या वस्तू कशा चालतात हे किती कळतं ते आधी विचारलं, मग सविस्तर लिहायला लावलं, आणि लिहायला बसल्यावर बऱ्याच जणांनी स्वतःला दिलेले मार्क स्वतःच कमी केले. तुम्ही पण करून बघा, झिप कशी बंद होते ते दोन वाक्यांत लिहा.

हायलाईटरबद्दल बोलायचं तर मी स्वतः एकेकाळी अख्खी पानं पिवळी केलीयेत. पहिल्या वाचनात हायलाईट करूच नका, काय महत्त्वाचं ते तेव्हा माहीत नसतं. दुसऱ्या वाचनात रंगाऐवजी मार्जिनमध्ये वाक्याचं काम लिहा. माझ्या खुणा अशा आहेत: 'व्या' म्हणजे व्याख्या, 'का' म्हणजे कारण, 'उदा', 'पु' म्हणजे पुरावा, 'पण' म्हणजे वळण किंवा अपवाद, 'मत', '!' म्हणजे इशारा, आणि काहीच कळलं नाही तर '?'. सुरुवातीला फार हळू होतं, एका पानाला दहा मिनिटं सुद्धा लागतात. पण चार-पाच लेखांनंतर खुणा न करताच डोक्यात उमटायला लागतात. एखाद्या लेखाच्या मार्जिनमध्ये नुसतं 'मत, उदा, उदा, मत' दिसलं आणि 'पु' एकदाही आलं नाही, की त्या लेखाची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

पायरी ९: लिहिणारा कोण, हे दुसरीकडे जाऊन विचारा

वेबसाईट चांगली दिसते, लोगो भारदस्त आहे, 'आमच्याविषयी' पान व्यवस्थित आहे, याला काही अर्थ नाही. स्टॅनफर्डच्या वाईनबर्ग आणि मॅकग्रू यांनी इतिहासाचे अभ्यासक, विद्यार्थी आणि व्यावसायिक फॅक्ट-चेकर अशा तिघांनाही वेबसाईट तपासायला दिल्या. अभ्यासक आणि विद्यार्थी पुष्कळदा त्याच साईटवर वरखाली वाचत राहिले आणि फसले. फॅक्ट-चेकर लोकांनी साईट जेमतेम बघितली, लगेच नवीन टॅब उघडले आणि या संस्थेबद्दल बाकीचे काय म्हणतात ते वाचून परत आले. त्यांना वेळ कमी लागला आणि उत्तर बरोबर आलं. मजकूर खोलात वाचायचा की नाही हे ठरवायच्या आधीच हे करा, नाहीतर वरच्या आठ पायऱ्यांची मेहनत एखाद्या जाहिरातीवर खर्च व्हायची.

फोनवर वाचण्याबद्दल थोडंसं. २०१८ मध्ये ५४ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात माहितीपर मजकूर कागदावर स्क्रीनपेक्षा जास्त चांगला समजतो असं दिसलं, वेळेचं बंधन असेल तर फरक आणखी वाढतो, गोष्टींच्या बाबतीत मात्र तसा फरक दिसला नाही. प्रिंट काढणं शक्य नसेल तर निदान स्क्रोल करायचं थांबून एका वेळी एकच भाग वाचा आणि नोट्स वहीत काढा.

सगळं करूनही वाक्यच गळ्याखाली उतरत नसेल तर

हे हमखास नियमांच्या मजकुरात होतं. हे बघा: "ज्या अर्जदारांनी मागील वर्षी सदर योजनेचा लाभ घेतलेला नाही, तथापि ज्यांचे नाव प्रतीक्षा यादीत समाविष्ट आहे, अशा अर्जदारांना, मूळ कागदपत्रांच्या पडताळणीच्या अधीन राहून, प्राधान्य देण्यात येईल."

आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे असं वाक्य शेपटाकडून धरायचं. शेवट काय? 'प्राधान्य देण्यात येईल'. कोणाला? अर्जदारांना. कुठल्या? आता मागे जा, गेल्या वर्षी लाभ न घेतलेले, अधिक प्रतीक्षा यादीत नाव असलेले, दोन्ही हवं, एक असून चालणार नाही. इथला 'तथापि' फसवा आहे, तो वळण घेत नाहीये, दुसरी अट जोडतोय, 'आणि' लिहिलं असतं तरी चाललं असतं. मग 'अधीन राहून', म्हणजे तिसरी अट, कागद तपासून बरोबर निघाले तरच. आता याच्या चार छोट्या ओळी करा: गेल्या वर्षी लाभ घेतलेला नसावा. प्रतीक्षा यादीत नाव असावं. मूळ कागद पडताळणीत बरोबर ठरावेत. हे तिन्ही असेल तर नंबर आधी लागेल. आणि आता लक्षात येईल की 'नंबर आधी लागेल' एवढंच म्हटलंय, लाभ नक्की मिळेल असं कुठेही लिहिलेलं नाही. पडताळणी कधी आणि कोण करणार हेही या वाक्यात नाही, ते पुढच्या कलमात शोधायचं.